मुहूर्तावर घडवलेली किल्ली

तुम्ही एखाद्याला जीव ओतून कुलूप बनवून द्यावं, त्याने त्याची किल्ली त्याच दाराच्या खिळ्याला टांगावी, आणि वर तुम्हाला चहा पाजून म्हणावं, "आता कसं निर्धास्त वाटून राहिलं, ताई." माझं कामाचं सगळं आयुष्य एवढ्यात सांगून होतं. पण या अंकाच्या संपादकांना सविस्तर हवं आहे, तेव्हा सविस्तर चिडते.

मी भंडाऱ्यात बसून, वेबसाइट लिहायच्या एका भाषेसाठी एन्क्रिप्शनचं एक्स्टेंशन तयार केलं आणि वीसेक वर्षं ते सांभाळलं. हे वाक्य आमच्या आळीत आजवर कोणालाही कळलेलं नाही. माझा नवरा शाळेत विज्ञान शिकवायचा, तोही पाहुण्यांना "ही कॉम्प्युटरचं काहीतरी करते" एवढंच सांगतो, आणि पाहुणे लगेच आपल्या बिघडलेल्या प्रिंटरचा विषय काढतात. म्हणून आधी हे एकदा नीट सांगून टाकते.

एन्क्रिप्शन म्हणजे मजकूर असा कालवून ठेवायचा, की किल्ली असलेल्यालाच तो परत वाचता येईल. बाकीच्यांना नुसती अक्षरांची भेळ दिसेल. किल्ली म्हणजे आकडे आणि अक्षरांची एक लांबलचक ओळ. आणि एक्स्टेंशन म्हणजे जोड. माझ्या लहानपणी वडिलांच्या घरी हातमाग होता; पुढे त्यांनी तो मोडून कापडाचं दुकान टाकलं. साधा माग साधं कापड विणतो. नक्षी हवी असेल तर त्याच मागावर वरून एक जोड बसवतात, आणि मग तोच माग नक्षी काढू लागतो. आमच्या त्या भाषेला असाच एक जोड हवा होता. तेव्हा जे मिळायचं त्यात वीस पर्याय असायचे, त्यांतले बरेचसे धोक्याचे, आणि कोणते धोक्याचे हे कुठे धड लिहिलेलं नसायचं. वेबसाइट बनवणारे डोळे मिटून एखादा निवडायचे आणि कुलूप लागलं असं समजून घरी जायचे.

मी ठरवलं, माझ्या जोडात पर्यायच ठेवायचे नाहीत. तीनच आज्ञा: किल्ली घडव, कुलूप लाव, कुलूप काढ. बंद मजकुरात कोणी एका अक्षराची ढवळाढवळ केली तरी कुलूप उघडायचं नाही. बंद मजकुराच्या अगदी सुरुवातीला एक आकडा, हे कुलूप माझ्या पहिल्या घडणीचं की दुसऱ्या, ते पुढेमागे ओळखू यावं म्हणून. आणि मुख्य म्हणजे माझ्याजवळ कोणाचीही दुसरी किल्ली नाही. कुलूप करणाऱ्याच्या घरी सगळ्या गावाच्या किल्ल्या टांगलेल्या असतील तर त्याला कुलूप कशाला म्हणायचं? हे सगळं इंग्रजीत लिहून मी जोड इंटरनेटवर ठेवून दिला, आणि दूरदूरच्या देशांतल्या लोकांचे मेल येऊ लागले. हा पर्याय द्या, तो पर्याय द्या, किल्ली थोडी आखूड चालू द्या. मी सगळ्यांना नाही म्हटलं. या कामात अर्धा वेळ नाही म्हणण्यात जातो, आणि ते मला जन्मापासून जमतं.

परदेशातले लोक निदान वाद घालायचे. जिल्ह्यातले वाद घालत नसत; हो म्हणत, आणि त्यांना हवं तेच करत. गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला तेव्हा कार्यालयांच्या याद्या, दप्तरं, सगळंच दुभागायचं होतं, आणि कॉम्प्युटर येणाऱ्या माणसाला भंडाऱ्यातच कामं मिळू लागली. त्यातून ओळखी वाढल्या, आणि वेबसाइट करून द्या म्हणणारे येऊ लागले. हायवेवरच्या एका शाळेच्या मुख्याध्यापकांना मी मुलांची माहिती कुलपात ठेवून दिली. महिन्याने गेले, तर किल्लीची अख्खी ओळ ऑफिसातल्या फळ्यावर, सुविचाराच्या खाली, सुवाच्य अक्षरात. म्हटलं, "सर, हे काय?" तर म्हणाले, "मॅडम, मी रजेवर गेलो तं काम अडाले नको." रक्ततपासणीवाले एक डॉक्टर होते. पेशंटचे रिपोर्ट भलत्याच्या नजरेला पडू नयेत म्हणून त्यांनीच माझ्या मागे लागून कुलूप बसवून घेतलं. पुढे किल्ली लांब आहे, टाइप करायला कटकट होते, म्हणून ती प्रत्येक रिपोर्टच्या तळाशी छापून यावी अशी सोयही कोणाकडून तरी करून घेतली. रिपोर्ट घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात किल्ली. त्या दिवशी मी त्यांच्या दवाखान्यात इतक्या वरच्या पट्टीत बोलले, की बाकावरचे दोन पेशंट उठून बाहेर गेले.

त्या दोघांवरचा राग केव्हाच निवला. एका प्रकरणाचा निवला नाही, कारण त्यात मी माझ्यावरही चिडलेली आहे.

आंधळगावच्या बाजूला कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साड्या विणणारी घरं आहेत. करवतीच्या दातांसारखा काठ ही त्या साडीची ओळख. तिकडच्या एका विणकर सोसायटीने वेबसाइट काढायचं ठरवलं. सोसायटीचं नाव सांगत नाही, तिचे चिटणीस अजून दिवाळी अंक वाचतात. नक्षी जाणणारी माणसं म्हातारी होत चालली होती, तेव्हा घराघरातली नक्षी कुठेतरी नोंदवून ठेवावी असा त्यांचा विचार होता. अडचण एकच, ही घरं आपली खास नक्षी शेजारच्या घरालाही दाखवत नाहीत. म्हणून मला बोलावणं आलं. प्रत्येक घराची नक्षी त्या त्या घराच्या किल्लीने बंद करायची. असल्या कामासाठीच मी तो जोड केला होता. मी भलतीच खूश होते, हे कबूल करते.

चिटणिसांना सगळे दौलतरावजी म्हणत. पांढरा सदरा, आणि मनगटावर चावीचं घड्याळ. ते घड्याळ रोज सकाळी रेडिओच्या बातम्यांवर लावून घ्यायचे, आणि मग दिवसभर बाकीच्या जगाची घड्याळं कशी चुकीची आहेत ते सांगायचे. पहिलं घर कवडूजींचं घ्यायचं ठरलं. सत्तरी ओलांडलेला माणूस, बोलायला कमी. मी कॉम्प्युटर सुरू केला आणि म्हटलं, चला, किल्ली घडवून टाकू.

"अशी कशी उठून घडवाल, ताई?" दौलतरावजी म्हणाले. "पाच दिवसावर दसरा हाय. मुहूर्तावर घडवू."

"दौलतरावजी, ही काही लोखंडाची किल्ली नाही. बटण दाबलं की होते."

"मंग बटणच मुहूर्तावर दाबू. तुमचं काय जाते?"

माझं पन्नास किलोमीटरचं जाणं-येणं जात होतं. पण कवडूजींनीही मान डोलावली, आणि मी दसऱ्याला पुन्हा गेले.

सोसायटीत त्या दिवशी माग, धोटे, सगळ्यांची पूजा झालेली. कॉम्प्युटरच्या गळ्यात झेंडूचा हार होता आणि कीबोर्डवर हळदकुंकू. त्यातली दोन बटणं पुढे जन्मभर अडकत राहिली. दौलतरावजींनी पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ पाहिलं आणि ते दचकलेच.

"अरे बाप्पा! याचं घड्याळ तं अकरा मिनिटं मागं हाय. मुहूर्त हुकन नं!"

"त्याने काही बिघडत नाही हो. घड्याळ मागे असो की पुढे, किल्ली तितकीच पक्की."

त्यांनी ऐकलं नाही. माझ्याकडून कॉम्प्युटरचं घड्याळ आपल्या मनगटावरच्या घड्याळाशी मिनिटासेकंदाने जुळवून घेतलं, पंचांग उघडं ठेवलं, आणि विजयमुहूर्त लागल्यावर दोन वाजून एकवीस मिनिटांनी स्वतःच्या बोटाने बटण दाबलं. मग खुर्चीवर बसून सोसायटीच्या प्रोसिडिंग बुकात तसं लिहूनही काढलं. मी दात ओठ खात प्रिंटरजवळ उभी होते.

किल्लीची ओळ कागदावर छापून आली.

"दोन प्रती काढू का जी?" त्यांनी विचारलं.

"एकच. दोन प्रती म्हणजे दोन चोर."

हे वाक्य मी तोऱ्यात बोलले होते. आज ते आठवलं की कानशिलं तापतात.

कवडूजींनी कागद घरी न्यायला नकार दिला. छप्पर गळतं म्हणाले. मी सुचवलं, ऑफिसच्या लोखंडी कपाटात ठेवा. दौलतरावजींनी तोवर कागदाच्या डोक्यावर पेनाने 'श्री' लिहून त्याला हळदकुंकू वाहिलं होतं. "कपाटाच्या चाब्या चौघाजवळ हायेत, ताई. देवाजवळच्या कागदाले कोनी हात लावत नाई," असं म्हणून त्यांनी तो भिंतीवरच्या गणपतीच्या फोटोमागे सरकवला. त्यांचं म्हणणं खोडण्यासारखं नव्हतं, याचाच मला जास्त संताप आला.

नक्षी टाइप करायला सोसायटीचा टायपिस्ट होता. कवडूजींना तो चालेना. त्यांनी बोट करून मला बसवलं.

"तुमच्या बापाच्या घरी माग होता," ते म्हणाले. "तुमच्या हाताले विननं येते का?"

"नाही येत."

"मंग तुम्हालेच सांगतो."

दार लावून घेतलं आणि ते डोळे मिटून सांगू लागले. "तीन काळे. दोन तांबडे. एक सोडा. पुन्हा तीन काळे." पदराची नक्षी होती ती, एकेचाळीस ओळींची. सांगताना त्यांची बोटं मांडीवर हलत होती, आणि एखादी ओळ अडली की ते तोंडाने न आठवता बोटांना आधी हलवून बघत आणि मग बोलत. मला विणकाम येत नाही याची मला तोवर कधी खंत वाटली नव्हती. त्या दुपारी वाटली. त्यांनी सांगितलं की हा पदर बाजारासाठी कधी विणलाच नाही. घरच्या मुलीच्या लग्नात मुलीला नेसवायचा, आणि ती बाई गेली की साडी तिच्याबरोबर चितेवर द्यायची. त्यांच्या बहिणी गेलेल्या होत्या, आणि त्यांना मुलगे होते, मुलगी नव्हती. म्हणजे जगात तो पदर तेव्हा फक्त त्यांच्या बोटांत होता. मी कुलूप लावलं, आणि तो आणखी एका ठिकाणी झाला.

दोनेक वर्षांनी मला कुठल्याशा अनोळखी माणसाचा तीन ओळींचा मेल आला. त्याचा मथितार्थ असा: तुमची किल्ली कॉम्प्युटरच्या घड्याळावरून घडते, ती कोणत्या दिवशी घडवली एवढं मला कळलं तर त्या दिवसात सेकंद शहाऐंशी हजार चारशेच आहेत, तेवढ्या किल्ल्या माझा कॉम्प्युटर मी जेवून येईपर्यंत लावून बघतो.

त्याचं बरोबर होतं. पहिल्या घडणीत मी किल्लीचं बीज म्हणून घड्याळातला चालू सेकंद घेतला होता. सेकंद सारखा बदलतो, कोणाला कळणार आहे, असा माझा हिशेब. सेकंद बदलत असले तरी ते मोजके असतात, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. जगाला पर्यायांवरून शिकवणी देणारी मी! मग दुसरी घडण केली, घड्याळाचा संबंध तोडून टाकला, आणि जिल्ह्यातल्या माझ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला पत्र लिहिलं: नवी घडण बसवा, नवी किल्ली घडवा, सगळं नव्याने बंद करा, जुनं पुसून टाका. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. आंधळगावकडून मात्र आठ दिवसांत लेटरहेडवर, सहीशिक्क्यानिशी उत्तर आलं, "आपल्या सूचनेप्रमाणे सर्व करण्यात आले आहे." मला भरून आलं होतं. ते पत्र मी फाइलला लावून ठेवलं.

मधली वर्षं गाळते. त्यांत माझ्या केसांखेरीज फारसं काही बदललं नाही. कवडूजी वारले ते मला कळलंही नाही. मग एका सकाळी आमच्या दारात एक बाई उभी राहिली, माझ्याच वयाची, हातात कापडी पिशवी.

"मी वच्छला. कवडूजीची सून," ती म्हणाली. "ताई, मामाजीचा पदर उघडून द्या जी."

तिला घरात घेतलं. तिने पाणी प्यायच्या आत सगळं सांगितलं. तिच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, अडीच महिन्यांवर. कवडूजींच्या बहिणींनंतर घरातली ही पहिली मुलगी. मागावर ताणा चढवून झाला होता, काठ सुरूही केला होता. "काठ मले येते. पदर नाई येत. बाजाराच्या साडीतही पदराची येळ आली का मामाजी मले मागावरून उठवत अन् सोता बसत. म्हनत, तुह्या पोरीच्या लग्नाच्या येळेस शिकवीन. त्याच्या आधीच गेले."

"आणि किल्लीचा कागद?"

"तो नाई सापडत म्हनून तं आली."

मी तिला घेऊन सोसायटीत गेले. दौलतरावजी थकले होते, घड्याळ तेच होतं. गणपतीच्या फोटोमागे हात घातला तर एक पाल निघाली, कागद नव्हता. मी त्यांना उभं करून विचारलं. आधी त्यांना काही आठवेना, मग सगळंच आठवलं. दोन वर्षांआधी गणपती उठले, म्हणजे विसर्जन झालं, तेव्हा फोटोमागचे वाळलेले हार, जुन्या पत्रिका, कागद, सगळं निर्माल्याच्या पिशवीत भरून त्यांनी गावच्या तलावात शिरवलं होतं.

"किल्लीचा कागद तलावात टाकला?" मी ओरडले.

"त्याच्यावर श्री होता जी. श्री लिहिलेला कागद कचऱ्यात कसा टाकाचा?"

"टाकायचाच कशाला होता?"

"जुना झालता. हळदीनं पिवळा पडलता."

मी खाली बसले. वच्छलाबाईला समजावून सांगितलं की आता हे उघडणार नाही. मीच काय, कोणीच उघडू शकत नाही, जगभरातले कॉम्प्युटर एका जागी आणून लावले तरी नाही. पहिल्या घडणीचं असतं तर गोष्ट वेगळी. पण ते मीच बदलायला लावलं होतं, त्याचं सहीशिक्क्याचं पत्र माझ्या घरी फाइलला होतं. ती ऐकत राहिली.

"म्हनजे तुम्ही असं कुलूप केलं का ते तुम्हालेच उघडत नाई?"

"हो."

"मंग चांगलं केलं," ती म्हणाली. "मामाजीले असंच पाहिजे होतं."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. टोमण्याला मी उत्तर देऊ शकते. मला त्या खोलीतून पळून जावंसं वाटलं. ती एकच प्रत, ते चोरांचं वाक्य, सगळं डोक्यात फिरत होतं. शिवाय माझी हीच बोटं त्या एकेचाळीस ओळी टाइप करून मोकळी झाली होती, आणि मला त्यांतली पहिली सोडून एकही आठवत नव्हती.

निघताना वच्छलाबाई थांबली. "बंद तं बंद. पन मले दाखवा तं. कसं दिसते ते."

याला काही अर्थ नव्हता. अक्षरांची भेळ बघून कोणाला काय मिळणार? पण तिला सासऱ्यांच्या वस्तूपाशी जरा थांबायचं होतं, आणि नाही म्हणायची माझी एवढ्या वर्षांची सवय त्या वेळी कामी आली नाही. दौलतरावजींनी कॉम्प्युटरवरचं विणलेलं झाकण काढलं. मी फाइल उघडली. पडदाभर निरर्थक चिन्हं. वच्छलाबाईने पदराने हात पुसून पडद्याला बोट लावलं, अगदी सुरुवातीला, आणि विचारलं, "हा एक कायचा हाय जी?"

तिथे एक होता. दोन असायला हवा होता.

मी वळले. "दौलतरावजी, तुम्ही नवी घडण बसवली नव्हती?"

"नाई जी."

"किल्ली बदलली नव्हती? काहीच केलं नव्हतं?"

"नाई."

"अहो, मग सहीशिक्क्याचं पत्र कशाला पाठवलं?"

"तुमचं पत्र आलतं. उत्तर तं द्या लागते," ते शांतपणे म्हणाले. "चालून राहिलं होतं, तं कायले हात लावाचा?"

मी त्यांना काय काय बोलले ते अंकात छापण्यासारखं नाही. बोलता बोलताच मी प्रोसिडिंग बुक मागितलं. दसऱ्याचं पान निघालं. "विजयमुहूर्तावर, दुपारी २ वाजून २१ मिनिटांनी, किल्ली घडविण्यात आली." अनोळखी माणसाला त्या दिवसाचे शहाऐंशी हजार चारशे सेकंद लागले असते. मला साठ पुरत होते, कारण या माणसाने त्या दिवशी कॉम्प्युटरचं घड्याळ आपल्या घड्याळाशी लावून घेतलं होतं आणि मिनिट लिहून ठेवलं होतं. तरी खात्री असावी म्हणून मी सगळा मुहूर्त घेतला, सव्वादोनपासून तीनपर्यंत. दहा-बारा ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. दौलतरावजींनी चहा सांगितला. चहा यायच्या आत कुलूप निघालं. दोन एकवीसचाच सेकंद होता.

मला आनंद व्हायला हवा होता, आणि तो झालाही. पण त्याआधी शरम आली. मी आयुष्यभर ज्या जोडाबद्दल ताठ मानेने बोलले, त्यातली नीट केलेली घडण आज निरुपयोगी ठरली असती, आणि जी मी पुसून टाका म्हणत फिरले ती उपयोगी पडली.

"मी तं पहिलेच म्हनत होतो," दौलतरावजी म्हणाले, "मुहूर्त वाया जात नाई."

वच्छलाबाईने त्यांच्याकडे पाहिलं. "दादाजी, तुम्ही जरा भाईर बसता का?"

आपल्याच ऑफिसातून त्यांना बाहेर काढलं गेलं, आणि ते मुकाट्याने कप घेऊन पायरीवर जाऊन बसले. मी दार लावलं. वच्छलाबाईला वाचायला येत होतं, सावकाश. "तीन काळे," तिने वाचलं. "दोन तांबडे. एक सोडा." तिसऱ्या ओळीला तिची बोटं मांडीवर हलायला लागली, तशीच, आणि मी खिडकीकडे तोंड केलं.

तिने काही उतरवून घेतलं नाही. पाच दिवस रोज येऊन वाचलं, पाठ केलं, घरी जाऊन विणून पाहिलं. लग्नाला मी गेले होते. नवरी आहेर घ्यायला वाकली तेव्हा पदर खांद्यावरून पुढे आला. तो बरोबर विणला आहे की नाही हे मला कसं कळणार? पण पहिली ओळ मी मोजली. तीन काळे, दोन तांबडे, मग एक सोडलेला.

मांडवातच वच्छलाबाईने मला बाजूला घेतलं. "आता पुन्हा बंद करून द्या. यावेळेस पक्कं. चाबी तुमच्यापाशी ठेवा."

मी तिला माझा नियम सांगितला. मी कोणाची किल्ली ठेवत नाही. बनवणाऱ्याने ठेवायची नसते. वीस वर्षं मी हेच सांगत आले.

"तुम्हाले विनता येते का?" तिने विचारलं.

"नाही येत," मी म्हटलं.

तेव्हा नव्या घडणीने कुलूप लावून दिलं. मुहूर्त पाहिला नाही. दोन प्रती काढल्या. एक तिच्याकडे, एक माझ्याकडे. आमच्या घरी ती कुठे ठेवावी याचा मी आठवडाभर विचार केला. कपाट नवरा आवरतो. टेबलाचे खण मी स्वतः आवरते, म्हणजे जास्तच धोका. पुस्तकं पाहुणे मागून नेतात. घरात कोणाचा हात न लागणारी जागा शोधत शोधत शेवटी मी एकाच जागेपाशी आले, आणि दौलतरावजी तिथे नव्हते हे माझं नशीब. कागद आमच्या देवघरात आहे, फोटोमागे. श्री मात्र लिहिलेला नाही.

दर वर्षी गणपती उठले की नवरा निर्माल्याची पिशवी स्कूटरला अडकवून नदीवरच्या कारध्याच्या पुलाकडे निघतो. मी त्याला दारातच थांबवते, पिशवी ओसरीवर पालथी करते, आणि वाळलेली फुलं एकेक बाजूला करून बघते. पहिल्या वर्षी तो हसला होता. आता स्कूटर बंद करून उभा राहतो.